बसतंय का, बघतो

छे छे, ते नको शेठ, ते ठेवा परत भंगारात – व्हॅनचं आहे ना ते? मग! आमची गाडी केवढीशी, दोघांनी धरली तर उचलून बाजूला ठेवता येते – ठेवतोच आम्ही, झाडू मारताना. तिला ह्या स्प्रिंगा लावल्या तर त्या दबणार कशाने? वजन नको? जरासा खड्डा आला की गाडी टुणकन वर, आणि आत बसलेल्याचं डोकं टपाला. आत कोण बसणार? सासरे. म्हणजे बघा, मग मला घर सोडावं लागेल.

नाही हो, मी कसला मेकॅनिक, मी चष्म्याच्या दुकानात असतो. जुनी गाडी हौसेने घेऊन ठेवली होती, पुढचे स्प्रिंगचे पाटे पार गंजलेले, म्हणून पुढचं सगळं सस्पेन्शनच बदलायचं. सासरे कारखान्यात लेथवर. आख्खं आयुष्य तिथेच काढलं, त्यामुळे कुठे केसाएवढी फट दिसली तरी जेवण जात नाही – आणि ती फट माझ्यामुळेच राहिली, हे ठरलेलं. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. ही म्हणाली, बाबा, चला आमच्याकडे. नाव काढू देईनात! मी कुणाच्या गळ्यात पडणार नाही म्हणाले. शेवटी मीच म्हटलं, बाबा, गाडीचं पुढचं काम निघालंय, मला एकट्याला झेपत नाही. तर दुसऱ्या दिवशी सकाळी पान्यांची पेटी घेऊन दारात उभे! आणि चपला काढायच्या आधी सांगून मोकळे – गाडी रस्त्यावर आली की मी निघालो.

तेव्हापासून आमच्या घराचं गॅरेज झालंय. बेअरिंगा कशात धुतल्या असतील? कढईत. हिच्या कढईत! ही माझ्यावर ओरडली, बापाला एक शब्द नाही. मी लहान गाडीचे उभे शॉकअप आणले, तर ते एवढे उंच की बॉनेटला भोक पाडावं लागणार. ते म्हणाले, पाडू. मी म्हटलं, गाडीची शोभा जाईल. परत केले. मग एक जोड बसवला, तर ह्यांनी स्टिअरिंगचा रॅक चाकांच्या मागचा काढून पुढे लावला, जागा चांगली आहे म्हणून – झालं, डावीकडे वळवलं की चाकं उजवीकडे! मी म्हटलं, बाबा, हे उलटं झालं. तर म्हणतात कसे, सवय होईल. सवय! पोट धरून हसलो हो दोघं, सासूबाई गेल्यावर पहिल्यांदाच हसताना पाहिलं त्यांना. मग काढलं सगळं परत.

त्या ताडपत्रीखाली काय आहे? विकलं गेलंय म्हणता? मग इथे का पडलंय? बघू तर – थांबा हो, नुसतं बघतो. अरे वा. पुढचं आख्खं सस्पेन्शन, हलक्या गाडीचं आहे, डिस्क ब्रेकसकट. टेप द्या जरा… हं. दुसऱ्या बाजूने… परत मोजतो. अहो, बसतंय की हे! बोल्टाची भोकंसुद्धा जुळतायत.

झाका. झाका ते शेठ. काय खुळ्यासारखं विचारताय, आवडलं नाही का म्हणून – आवडलं म्हणूनच! हे घरी नेलं तर चार दिवसांत गाडी पळायला लागेल, आणि म्हातारा पेटी उचलून त्या रिकाम्या घरात जाऊन बसेल. तिथे कोण आहे त्यांच्याशी भांडायला? आणि माझ्याशी इथे कोण भांडणार? मला नाही करमायचं शेठ, खरं सांगतो. मला माझ्या बापाने कधी पाना हातात दिला नव्हता. तेव्हा कानावर पेन्सिल लावलेले एक आजोबा विचारत आले, तर सांगा, गेलं म्हणून. आणि हे बघा, इथे कुणीतरी खडूने –

ही खूण कुणाची? बाणाला अशी शेपटी? अशी शेपटी आख्ख्या गावात एकच माणूस काढतो! कधी आले होते? परवा? मोजून गेले? मग रात्री जेवताना मला कशाला म्हणाले, सगळा बाजार पालथा घातला, काही मिळत नाही म्हणून? घेतलं त्यांनी? घेतलं नाही – नुसतं झाकून ठेवा म्हणाले? कोण आलं तर गेलं म्हणून सांगा… कोण आलं तर? चष्मेवाला जावई?

…

बरं. ताडपत्रीचं ते टोक धरा तुमच्याकडचं. ओढा – अजून थोडं, तो बोल्ट दिसतोय. हां. आणि शेठ, मी इथे आलोच नव्हतो, काय?