जगनचा टचस्क्रीन आणि पोशेऱ्याची हळद

...बरं, कापायचाच होता तर प्लास्टिकचा डबा कापावा ना! जव्हारच्या बाजारात डबे मिळत नाहीत? पण नाही! जगनने कापला तो बायकोचा, योगितावहिनींचा पोळ्यांचा डबा, स्टीलचा, माहेरून आलेला... आणि कशासाठी, तर म्हणे गिटारच्या पेडलला टचस्क्रीन जोडायचाय! तुम्हाला सांगतो, माणसाला नाद असावा, पण त्या नादापायी घरातल्या पोळ्या उघड्यावर पडू नयेत!

आता जगन कोण, ते ऐका. जव्हारला झेरॉक्सचं दुकान, आणि लग्नसराईत गोरखच्या बँजो पार्टीत गिटार. त्याच पार्टीत मी ढोलकीला, म्हणजे सगळं शेजारून बघितलेलं. जगनच्या पायाशी ते पेडल. पेडल म्हणजे चपटी पेटी हो, गिटारची वायर तिच्यात खुपसली की एका गिटारचे नाना आवाज! घुमणारा, रडका, फाटका... आणि जगनने मरमर करून जमवलेला तारप्याचा. अगदी भोपळ्याचा तारपा फुंकल्यासारखा नाही, तारप्याला सर्दी झाल्यासारखा, पण आमच्याकडे त्यावर पाय थांबत नाहीत! अडचण एवढीच, की आवाज बदलायचा तर खाली वाका, बारीक खुंट्या फिरवा, बारीक अक्षरं वाचा... एका लग्नात वाकला तो वाकलाच, गाणं संपलं तरी हा खालीच! गोरख म्हणाला, "जगन, तू गिटार वाजवतोस का पडलेली चप्पल शोधतोस? आता पोशेरा गावच्या हळदीला असं झालं ना, तर मी कीबोर्डवाला आणणार. त्याचं सगळं बटणावर असतं!"

झालं! बटणावर हा शब्द जगनला झोंबला. "बटणावर? मी टचवर आणतो! मोठा स्क्रीन, त्यावर चौकोन, चौकोनात आवाजाचं नाव. तारपा पाहिजे? तारप्यावर बोट. रडका पाहिजे? रडक्यावर बोट. फक्त बोट लावायचं!"

मी विचारलं, स्क्रीनचं पेडलला कळणार कसं? चुकलं माझं! "मिडी!" म्हणाला. मिडी म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याला केलेली खूण. स्क्रीनने डोळा मारायचा, पेडलने ओळखायचं... अहो, इथे माणसं बोंबलून सांगितलं तरी ओळखत नाहीत, आणि हा पेट्यांचं जुळवायला निघाला!

पण लागला कामाला. लोक शिरपामाळच्या टेकडीवर जातात ते छत्रपती महाराज तिथे थांबले होते म्हणून, हा जायचा रेंज मिळते म्हणून! तिथे बसून व्हिडिओ बघायचा, घरी येऊन वायरींना सोल्डरचे डाग द्यायचा. त्यात वहिनींच्या टेबलाचं कव्हर जळलं. तारप्यावर बोट लावलं की रडका वाजायचा, रडक्यावर लावलं की काहीच वाजायचं नाही, मग जगन रडायचा. आणि शेवटी स्क्रीन बसवायला डबा कापला.

"अहो, पोळ्या आता झेरॉक्सच्या कागदात गुंडाळू का?"

"अगं, डबा नको म्हणूस त्याला. कंट्रोलर म्हण!"

दोन दिवस वहिनींनी पोळ्या खरंच कागदात गुंडाळल्या. पण एक खरं, झालं चालू! खुर्चीत बसून जगनने तार छेडली, थांबला, तारप्यावर बोट लावलं, पुन्हा छेडली... तारपा! आम्ही टाळ्या वाजवल्या. जगन म्हणाला, "बघितलं? फक्त बोट लावायचं!" कोणाच्या टाळक्यात काही आलं का? कोणाच्याही नाही!

आली पोशेऱ्याची हळद. नवरदेव कोण, तर वहिनींचाच चुलतभाऊ माघ्या, म्हणजे सगळं माहेर मांडवात! बायांनी आमच्यासकट सगळ्यांना हळद फासली, फेर धरला, गाणं तारप्यावर आलं, आणि जगनने बोट लावायला... कुठलं बोट? सांगा ना, कुठलं? डावा हात तारा दाबतोय, उजवा छेडतोय! आता बोट काय शेजाऱ्याकडून आणायचं?

उजवा हात सोडला, गिटार बंद. फेरातल्या बाया एकमेकींच्या पाठीवर! एक म्हातारा ओरडला, "ये पोरा, मेला काय तुझा बाजा?" ठाण्याहून कामावरून आलेला एक जण, "अरे भाई, चालू रख ना!" जगनने स्टँडवरच्या स्क्रीनला कोपर लावलं, दोन चौकोन दाबले गेले. मग काय करावं? नाक लावलं हो, नाक! हळदीचं नाक! स्क्रीन पिवळा, गिटारमधून मोटारसायकल चालू झाल्यासारखा आवाज, आणि मांडवाबाहेर बांधलेली शेळी दावं तोडून पसार!

गोरख माइकवर, "थोडं टेक्निकल आहे, मंडळी..." आणि माइक झाकून, "जगन, नाक आवर!"

फेरात वहिनींची बहीण विचारते, "योगे, तुझा नवरा काय चाटतोय गं ते?"

लाजेने वहिनींचं तोंड हळदीतून लाल दिसायला लागलं. मला वाटलं, आता ही बाई घरात जाऊन बसणार. नाही! पदराला हात पुसले, पदरानेच स्क्रीन पुसला, आणि उभ्या राहिल्या डब्यापुढे. "हात सोडू नका. वाजवा." आणि लावलं बोट.

तारपा! काय फेर फिरला सांगू! आणि जगन... इतकी वर्षं या माणसाने लग्नात फक्त स्वतःचे पाय बघितले होते, आज पहिल्यांदा मान वर करून नाचणारी माणसं बघत होता. खुळ्यासारखा हसत होता. म्हटलं, सुटला बिचारा!

कुठला सुटतोय! याने स्वतःसाठी घुमणाऱ्या आवाजातला एक लांबलचक तुकडा बसवला होता. भुवया उडवून वहिनींना खुणावलं. वहिनी म्हणाल्या, "नको. पोरं पेंगतील." आणि दाबला तारपा! मग याला फाटका पाहिजे होता. "नको, आत्या घाबरते." तारपा! बरं, बरोबर कोण होतं? मांडव सांगत होता ना, धूळ उडत होती नुसती!

सामान आवरताना गोरख हात जोडून, "वहिनी, पुढच्या हळदीला याल ना?"

जगन म्हणाला, "आणि मी?"

"ये की! तारा कोणीतरी छेडायला पाहिजेच."

तेव्हापासून हे असंच. प्रत्येक गाण्याआधी जगन हळूच विचारतो, "योगे, आता काय वाजवू?" आणि वहिनी, त्याच्याकडे न बघता, "तुम्ही हात चालू ठेवा हो. काय वाजलं ते मी नंतर सांगते!"