थोरलीच्या पोटातला कागद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या आंबा प्रक्रिया संस्थेचे चेअरमन सन्माननीय आप्पासाहेब शेट्ये, व्यासपीठावरील संचालक मंडळी, प्रमुख पाहुण्या आणि आपल्या सर्वांत ज्येष्ठ बागायतदार श्रीमती कुसुमताई सोहोनी, सत्कारमूर्ती श्री. भागोजी घवाळी, त्यांच्या शेजारी 'मला कशाला वर बसवलंत' अशा चेहऱ्याने बसलेल्या सावित्रीवहिनी, आणि समोर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी हरिहर खांबेटे, या संस्थेचा व्यवस्थापक. मला दहा मिनिटं दिलेली आहेत. व्यवस्थापकाची दहा मिनिटं किती लांबतात हे आपण दर वार्षिक सभेत अनुभवता, म्हणून पंख्याखालच्या मंडळींनी निश्चिंत असावं, बाकीच्यांनी रुमाल काढून ठेवावेत.

भागोजी आपल्याकडे एकोणीसशे एकोणऐंशी साली आले ते खांद्यावर कुऱ्हाड घेऊन. आज दोन हजार चारच्या ऑक्टोबरात ते निवृत्त होत आहेत. मधली पंचवीस वर्षं आपल्या बॉयलरला एक दिवस लाकूड कमी पडलं नाही. बाहेर लोक आपल्या आमरसाच्या डब्याचं कौतुक करतात. तो आमरस ज्या वाफेवर तयार होतो, ती वाफ कशावर होते, हे कोणी विचारतं का? ती आपल्या मागच्या वखारीवर होते, आणि वखार म्हणजे भागोजी.

एक्क्याण्णव साली संस्थेने दोन चेनसॉ घेतल्या. लांब पात्याची ती थोरली आणि आखूड पात्याची ती धाकटी. ही नावं भागोजींनी ठेवली. आपल्या सुनांचं जितकं कौतुक केलं नसेल तितकं यांचं केलं. (वहिनी मान हलवतायत, म्हणजे खरंच आहे.) दर वेळी टाकी भरली की आधी चेनला गोल कानस, मग हवेच्या जाळीवरचा भुसा झटकायचा, मग ताण बघायचा, मग तेल. भुसा हातावर घेऊन बघायचे. रव्यासारखा पडला तर धार आहे, पिठासारखा पडला तर काम बंद. पेट्रोलमध्ये तेल स्वतः मोजून घालायचे, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. खंडेनवमीला इतर हत्यारांबरोबर या दोघींची पूजा व्हायची, पण झेंडूची पाकळी जाळीत जाईल म्हणून हार लांब ठेवायचा. पुजारीबुवांनी एकदा हौसेने हार घातला, तर भागोजींनी भर पूजेत उठून काढला होता. बुवा समोरच बसलेत, हसतायत.

आता मी जे सांगणार आहे ते माझ्या भाषणाच्या कागदावर नाही. पण सांगितल्याशिवाय मला या माणसाला शाल घालता येणार नाही.

दोन हजार सालच्या डिसेंबरात माझ्या डोक्यात आलं की जग पुढे चाललंय आणि आपण अजून ओंडके हाताने कापतोय. मी एक मोठं यंत्र पसंत केलं. विजेवर फिरणारं भलंमोठं गोल पातं, पुढे लाकूड फोडायला जाड पाचर. माहितीपुस्तिका इतकी गुळगुळीत होती की मी ती घरी नेऊन बायकोला दाखवली. भागोजींनाही दाखवली. त्यांनी ती दोन बोटांत धरून तीन प्रश्न विचारले.

"सायेब, आपला ओंडका केवडा आनि ह्याचा जबडा केवडा? मे म्हैन्यात आपल्याकडं लायटीचा जोर किती? आनि पात्याला धार कोन लावनार?"

एखादा सुज्ञ माणूस इथे थांबला असता. मी म्हटलं, "भागोजी, हे शिकलेल्या लोकांनी बनवलेलं आहे."

आणि तिथेच थांबलो नाही. दरवर्षी हिवाळाभर भागोजी ओंडके कापून ठेवायचे. त्या वर्षी मी ते थांबवलं. यंत्र आलं की चार दिवसांत उरकेल म्हटलं. दोन्ही चेनसॉ त्यांच्याकडून कपाटात ठेवून घेतल्या आणि कुलूप लावलं. दरवर्षी ओंडके विकत घ्यायला भागोजी वाड्यावाड्यांतून जायचे, त्या वर्षी एका ठेकेदाराला पाठवलं. आणि एप्रिलअखेर भागोजींना पत्र दिलं. एकतीस मेनंतर आपल्या सेवेची आवश्यकता नाही, असं. खाली माझी सही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे आज पहिल्यांदा कळतंय. त्यांनी कोणाला सांगितलं नाही आणि मला सांगायची लाज वाटली. तेव्हा तीन वर्षांनी निवृत्त होणारा माणूस, उमेदीची वर्षं आमच्या वखारीत घालवलेला, त्याला मी एका कागदावर घरी बसवायला निघालो होतो.

अकरा मे. आवारात पेट्या रचलेल्या, फाटकाबाहेर टेम्पो उभे, पिकलेल्या हापूसचा वास थेट हमरस्त्यापर्यंत. बॉयलरजवळ दीड दिवसाचं लाकूड. यंत्र सकाळी जेमतेम चालायचं, दुपारी विजेचा जोर उतरला की नुसतं गुरगुरायचं. आमचे रायवळ आंब्याचे वाकडे, गाठाळ ओंडके त्याच्या जबड्यात मावेनात. त्या दिवशी एक कसाबसा मावला. पातं आत गेलं आणि जो आवाज झाला, तो अजून माझ्या कानात आहे. पात्याचे दात तुटून उडाले. एक छपराच्या पत्र्यातून आरपार गेला. ते भोक आजही आहे, वर जाऊन बघा. कोणाला लागलं नाही, ही देवाची कृपा. नवीन पातं पुण्याहून यायला आठ दिवस. आठ दिवसांत फाटकातल्या आंब्याचं काय झालं असतं, हे या सभागृहात कोणाला समजावायला नको.

ओंडक्यातून निघाला एक खिळा. बोटाएवढा, हाताने घडवलेला.

लाकूड रचणाऱ्या आपल्या हौसाबाई पुढे आल्या. म्हणाल्या, "ह्यो आमच्या वाडीतला रायवळ. माझं पयलं पोर सारखं आजारी पडायचं, तवा सासूनं खिळा मारून घेतलान व्हता."

मी म्हटलं, "बाई, मग आधी का नाही सांगितलं?"

"खिळ्याचं कोन सांगतं? आनि ह्या टायमाला इचारलं कोनी? भागोजी दर साली इचारायचा."

बंधू-भगिनींनो, त्या क्षणी मला कळलं की भागोजी वाड्यावाड्यांतून जाऊन काय करायचे. मालकाशी सौद्याचं बोलून झालं की ते मागीलदारी जायचे आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला हळूच विचारायचे, झाडाला काही ठोकलंय का. बाहेरची बाधा झाडात खिळून ठेवायची आपल्याकडे रीत आहे. त्याची वाच्यता करायची नसते. पण भागोजींना बायका सांगायच्या, कारण ते पुढे कोणाला सांगायचे नाहीत. फक्त त्या जागी चुन्याचं कडं काढायचे. आपल्या चेन दहा वर्षांत एकदाही खिळ्यावर का तुटल्या नाहीत, याचं हे उत्तर. कुठल्याही माहितीपुस्तिकेत ते नाही.

मी भागोजींकडे गेलो. त्यांनी फक्त हात पुढे केला. "कपाटाची चावी द्या."

चेनसॉ बाहेर आल्या, तर दोन्ही पेट्रोल काढून, पुसून, तेलाचा हात देऊन गोणपाटात गुंडाळलेल्या. मी त्या कायमच्या बंद करणार होतो, आणि ह्यांनी त्या उद्या लागतील अशा ठेवलेल्या. धाकटी पहिल्या ओढीला सुरू झाली. थोरली सुरू व्हायची, किंचाळायची आणि बंद पडायची. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधलं गॅस्केट, म्हणजे फटीतून हवा जाऊ नये म्हणून घालतात ती पातळ चकती, चिरलं होतं. हवा आत शिरत होती, तशीच रेटली असती तर इंजिन जळालं असतं. ते गॅस्केट रत्नागिरीत मिळेना. भागोजी पाच मिनिटं मागे गेले, काहीतरी कापून, बसवून आणलं, आणि थोरली गरजली.

मग चार दिवस. हौसाबाई चुन्याची वाटी घेऊन ओंडक्यांतून फिरल्या, वाड्यावाड्यांतल्या बायकांना बोलावून घेतलं. अकरा कडी निघाली. बारावा खिळा कोणालाच आठवत नव्हता. तो भागोजींनी लाकडाच्या तोंडावरचा निळा-काळा डाग बघून ओळखला. थोरलीवर भागोजी, धाकटीवर त्यांच्या हाताखाली शिकणारा दादू, फोडायला अख्खी वाडी. आप्पासाहेब, आपणही सदरा काढून कुऱ्हाड धरली होतीत. दर टाकीला भागोजी खाली बसून कानस लावायचे. मी घड्याळ बघून ओरडलो, "आत्ता कानस कसली?" ते म्हणाले, "तुमी आंबे बगा, सायेब."

एक पेटी फुकट गेली नाही. एकही नाही! बॉयलर क्षणभर थंड झाला नाही. (वाजवा, टाळ्या वाजवा, मी थांबतो.)

पुढच्या वर्षी यंत्र निवडायला मी गेलो नाही, भागोजी गेले. दोरीने ओंडके मोजून, ती दोरी खिशात घालून गेले. ट्रॅक्टरवर चालणारी, लाकूड फोडायची फोडणी त्यांनी आणली, वीज नको, जबडा हवा तेवढा. ती आजही चालू आहे. माझं यंत्र भंगारात गेलं.

आता शेवटचं. ते पत्र मी कधीच रीतसर मागे घेतलं नाही. 'राहा' एवढंच तोंडी म्हटलं आणि गप्प बसलो. गेल्या आठवड्यात दादूच्या ताब्यात द्यायच्या म्हणून दोन्ही चेनसॉ माझ्यासमोर उघडल्या. थोरलीचा कार्ब्युरेटर निघाला, आणि मधून निघालं ते गॅस्केट. साडेतीन वर्षं टिकलेलं. जाड कागद, दुहेरी घडी. तेलाने काळा पडलेला, पण टाइप केलेली अक्षरं कडेला दिसत होती. 'आपल्या सेवेची.' खाली 'व्यवस्थापक.' आणि जिथे माझी सही होती, बरोबर तिथे हवेसाठी गोल भोक.

मी विचारलं, "भागोजी, पुठ्ठा नव्हता का?"

"व्हता की."

"मग?"

"कागद चांगला जाड व्हता, सायेब. भोक काय, कुटंतरी पाडायलाच लागतं."

या सभागृहात कारकुनी केलेले बरेच लोक आहेत. त्यांना माहीत आहे, बिनसहीचं पत्र लागू होत नाही. मी जे तीन वर्षं करू शकलो नाही, ते या माणसाने त्याच दिवशी, पाच मिनिटांत, कात्रीने केलं होतं. आणि वर त्याच कागदावर संस्थेचा हंगाम वाचवला.

भागोजी, तरीही ते पत्र मी आज सगळ्यांसमोर मागे घेतो. मी चुकलो. मला माफ करा.

आप्पासाहेबांनी बोलू दिलं, कुसुमताई या उन्हात आल्या, सावित्रीवहिनींनी पंचवीस वर्षं भुशाने माखलेले कपडे धुतले, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, कमी-जास्त शब्द गेला असेल, तर तो पोटात घालावा.

शाल आणि श्रीफळ इथेच होईल. पण त्याआधी सगळ्यांनी अंगणात चलावं. थोरली बाहेर ठेवली आहे. नवीन गॅस्केट मी पुण्याहून मागवलं होतं, ते दादूने परत माझ्या हातात दिलं. आत तोच कागद आहे. भागोजी, या. एकदा दोरी ओढा.