चावीच्या मोटारी आणि किसनकाकांचा ढवळ्या

तुम्ही हसाल, पण अठ्ठावन्न साली विलायतेहून परतताना मी शर्यतीचे दोन खेळ आणले होते, तेही बैलांच्या भल्यासाठी. एक फाशांवरची घोड्यांची शर्यत, दुसरा चावीच्या दोन मोटारींचा. बाळापूरजवळच्या आमच्या गावात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरणार होता आणि घरी येऊन पाहतो तर शेजारच्या किसनकाकांचा ढवळ्या बैल लंगडत होता. तरी काका त्याला पळवणार, या विचाराने मी बेचैन होतो. खेळाची गोडी लागली की पट आपोआप सुटेल, असं मला मनापासून वाटायचं.

काकांना ओसरीवर बसवून म्हणालो, "गावासाठी यातला कोणता ठेवायचा, तुम्हीच निवडा."

फासे टाकून ते म्हणाले, "भाऊ, यात हाकणाऱ्याले कामच नाही. मोटारी काढ."

मी माझ्या मोटारीची चावी जोर लावून पिळली. कट्‌कन स्प्रिंग तुटली. काकांनी दोनच वेढे दिले होते. त्यांची मोटार समोरच्या भिंतीपर्यंत गेली.

"एवढीच चावी का दिली?"

"तेवढ्यात पोचते ना. जास्त काहून पिळू तिले?"

मी धीर करून विचारलं, "मग लंगड्या ढवळ्याला पटात का पळवता?"

"कोन पळवून राहिलं? त्याच्या खुराले लागलं, तवाच म्या पटातून नाव काढलं."

"मला कुणी सांगितलंच नाही!"

"तू इचारलं काय कोनाले? आल्यापासून तूच तं बोलून राहिला."