चुगलखोर चिप

...अहो, हेर कसला डोंबलाचा! नखाएवढी चिप ती, कॉम्प्युटरच्या पोटात गप्प पडलेली... पण आमच्या ह्यांना कोण सांगणार? तुम्हाला सांगते, पोरीच्या लग्नाला आठ दिवस, सव्वीस टेबलांची यादी कॉम्प्युटरात, थोरल्या मामांना धाकट्या आत्याबाईंपासून सात टेबलं लांब बसवता बसवता मला तीन आठवडे लागलेले (अकरा वर्षांचा अबोला!), आणि हे इथल्या तायनानच्या बागेत व्यायामाला काय गेले, तिथल्या लू भाऊजींचं ज्ञान घेऊन आले! "अगं, ती सुरक्षा चिप आपलं सगळं कळवते!" कुणाला? "वर!" वर कुठे? वर तर त्सायबाई राहतात, त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं!

बरं, ऐकून सोडायचं ना? छे! बसले, कुठलीशी सेटिंग उघडली आणि चिप पुसली. झालं! स्क्रीन निळी, म्हणे अठ्ठेचाळीस आकडी किल्ली द्या. हॉटेलवाल्याला यादी उद्या हवी... आणि चिप? ती बिचारी गप्प!

भाचीला बोलावलं, पेइ-जूला. ती कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. म्हणाली, "आतोबा, चिप कुणाला काही कळवत नाही हो! फायलींना कुलूप असतं, त्याची किल्ली ती सांभाळते. तीच तुम्ही पुसलीत!" ह्यांचं आपलं चालूच, "मग ते लिनक्स टाक, फुकटातलं." आणि लगेच स्वतःच दचकले, "नको नको, ते उघडं असतं म्हणे! कोणीही आत शिरेल!" पोरगी हसून हसून लोळली. "उघडं म्हणजे त्याची घडण कुणालाही वाचता येते, तुमची पत्रं नाही! आणि तेही हीच चिप वापरू शकतं." चिप तर काय, गप्पच!

मग तिनं विचारलं, "ती अठ्ठेचाळीस आकड्यांची जादा किल्ली कुठे लिहून ठेवलीय का?" ह्यांची मान खाली... अहो, गेल्या वर्षी ती लिहिलेल्या कागदाचा फोटो काढून ह्यांनी खानदानाच्या ग्रुपवर टाकलेला! खाली लिहिलेलं, 'अत्यंत गुप्त, जपून ठेवा.' चौसष्ट माणसं! एकोणचाळीस अंगठे आलेले!

तो फोटो शोधला, यादी मिळाली, लग्न झकास झालं. मग नवी किल्ली मी कुणाला न सांगता लपवली. हे शेजारी उभे होते, तेवढेच. काल चांगह्वाहून वन्संचा फोन, "वहिनी, तांदळाच्या डब्यात कागद ठेवू नका हं, किडे खातात!"

"बरं, वन्सं," म्हटलं.