वाटेत बोलत राहा

मोंटानातल्या राष्ट्रीय उद्यानाच्या खिडकीशी व्हर्ना तंबूच्या परवान्यासाठी उभी होती. तिच्या पुढे एक म्हातारा होता, खिडकीत तरुण वनरक्षक बाई.

"एकट्याला अस्वलांचा धोका नाही ना, पोरी?"

"खाणं, साबण, सगळं लोखंडी पेटीत ठेवा, काका. तंबूत काही नको."

"ते ठाऊक आहे. ते काम माझंच असायचं."

"आणि वाटेत मोठ्यानं बोलत राहा. अस्वल दचकलं की अंगावर येतं. आवाज ऐकला की आपणहून वाट सोडतं."

"ते काम माझ्या बायकोचं, लॉर्नाचं. दिवसभर टकळी चालू. मी म्हणायचो, बाई, जरा दम घे."

"यंदा त्या नाही आल्या?"

"नाही."

"मग... गाणं म्हणा."

"गाता कुठं येतंय!"

"मग टाळ्या वाजवा. नाहीतर घरी बोलता तेच बोला."

"घरी?"

म्हाताऱ्यानं परवाना खिशात घातला.

"टाळ्याच वाजवतो."

दुपारी चढणीवर व्हर्नाला पुढच्या वळणापलीकडून टाळ्या ऐकू आल्या. मग त्या थांबल्या. आणि मग म्हाताऱ्याचा आवाज, चांगला मोठ्यानं:

"बाई, जरा दम घे!"