खडीच्या ट्रकमागे

या मंडळी, जरा जवळ सरका. काचवाल्याच्या बाकावर कानी पडलेली गोष्ट सांगतो. सासऱ्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेणारी सून तिथे गाडीची पुढची काच बदलून घेत होती. सासरे शेजारीच बसले होते.

"वर्षात दुसरी काच, सूनबाई! दगडांना तुझाच पत्ता बरा सापडतो!"

"पत्ता तुम्हीच देता, बाबा. 'खडीच्या ट्रकला चिकटून चल, उशीर होतोय' असं कोण ओरडतं?"

"डायलिसिसचं मशीन माझ्यासाठी थांबत नाही गं."

"काल समोरून ऊन आलं आणि टवके उडालेली ती काच नुसती पांढरी झाली. सायकलवाला मला अगदी चाकाशी आल्यावर दिसला."

"...मला वाटलं, तू उगाच ब्रेक दाबलास."

"उद्यापासून अर्धा तास आधी निघायचं. ट्रक दिसला की मी शंभर पावलं मागे राहणार. मग करा किती कटकट करायची ती."

"आणि मी उठलोच नाही तर?"

"पांघरुणासकट उचलून गाडीत घालीन."

"घालशील गं बाई, तुझा नेम नाही! पाचचा गजर लाव."

मंडळी, रस्त्यावर घाई झाली, की त्या सायकलवाल्याची आठवण ठेवा. देवाच्या दयेने तो घरी पोचला. आपण किती थोडक्यात वाचलो, हे त्याला ठाऊकही नाही.