दोन सीटांच्या गाडीतला सिलिंडर

आजोबा : फटीतून बघायचं नाही, खारूताई. डोळे गच्च मीट. हं. आता समज, आपण दोघं तुझ्या बाबाच्या गाडीत बसलोय. जमिनीला टेकलेली, दोनच सीटांची गाडी. इंजिन आपल्या पाठीमागं. पट्टे लावलेत. आणि मागून वास येतोय. कसला?

खारू : पेट्रोलचा.

आजोबा : शाब्बास. मग धूर. डोळ्यांत जातोय, समोरचं काही दिसत नाही. आता आग विझवायचा सिलिंडर हाताला लागायला हवा. चाचपून बघ. कुठं आहे?

खारू : गाडीत नाहीये.

आजोबा : ते मलाही माहीत आहे. आज बसवायचा म्हणून तर आपण या गॅरेजमध्ये बसलोय. बाबानं काल दोन आणून या फळीवर ठेवले, एक मोठा, एक छोटा. आता फळी रिकामी. तुझी आई म्हणते, मी हात लावला नाही. मांजराला एवढं वजन झेपत नाही. राहिलं कोण?

खारू : तुम्ही.

आजोबा : वा! चोराच्या उलट्या बोंबा!

खारू : डोळे उघडू?

आजोबा : उघड. मी रागावणार नाही. कुठं ठेवलेस?

खारू : धुवायच्या कपड्यांच्या टोपलीत. तळाला.

आजोबा : अगं, तुझी आई टोपली उचलायला गेली तर कंबर धरून बसेल! आणि तो मोठा तू एकटीनं नेलास कसा?

खारू : चादरीवर आडवा ठेवला आणि ओढत नेला.

आजोबा : अक्कल आहे, पण चालते भलतीकडं. का केलंस असं? बाबा ती गाडी विकायला निघालाय, माहीत आहे ना? “पोरगी घाबरते, गाडीत बसत नाही, मग मला तरी कशाला हवी,” म्हणाला. सिलिंडर बसवला की तुझी भीती जाईल, एवढीच आशा होती त्याला.

खारू : मी आगीला घाबरत नाही.

आजोबा : मग कशाला?

खारू : सांगितलं तर तुम्ही लगेच त्याला सांगाल.

आजोबा : सांगायचं की नाही ते तू ठरव. मी नुसता ऐकतो.

खारू : त्या दिवशी गाडीतून धूर आला ना, तेव्हा बाबानं मला पटकन बाहेर काढलं. लांब एका भिंतीपाशी उभं केलं. म्हणाला, इथून हलू नकोस. आणि तो परत गेला.

आजोबा : परत? गाडीकडं?

खारू : मागचं झाकण उघडलं त्यानं. सगळं. भक्कन जाळ वर आला. बाबाचं तोंडच दिसेना. मी किती ओरडले, त्यानं ऐकलंच नाही. जॅकेट काढून आपटत बसला.

आजोबा : आणि आम्हाला म्हणाला, थोडा धूर झाला होता. भुवई कुठं गेली विचारलं, तर म्हणे न्हाव्याचा हात चुकला!

खारू : तेव्हा त्याच्याकडं काहीच नव्हतं, तरी तो गेला. आता सिलिंडर असला तर तो जाणारच. आणि आग विझेपर्यंत परत येणार नाही. मोठा असला तर आणखी वेळ थांबेल.

आजोबा : म्हणून टोपली.

खारू : म्हणून टोपली.

आजोबा : इकडं ये, माझ्याजवळ बस. पाय वर घे, फरशी गार आहे. हे बघ, मी शर्यतीच्या मैदानावर कितीतरी वर्षं वळणावर उभा राहिलोय, असाच सिलिंडर हातात घेऊन. तिथं पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवतात. सिलिंडर गाडी वाचवायला नसतो, वाट करायला असतो. पट्टा अडकला, दार उघडेना, पायाशी जाळ आला, तर माणूस बाहेर पडेल एवढी वाट करायची. बाहेर पडलं की संपलं. मग गाडीचं काय व्हायचं ते होऊ दे.

खारू : पण सिलिंडर शिल्लक असला तर?

आजोबा : छोट्यात असतं किती? तू दहा म्हणेपर्यंत रिकामा होतो.

खारू : फक्त दहा? हे बाबाला माहीत आहे?

आजोबा : कानाला माहीत असेल. हाताला माहीत नाही. सांगायचं का त्याला?

खारू : तुम्ही सुरुवात करा. पुढचं मी सांगेन.

आजोबा : ठीक. जा, आधी तो छोटा घेऊन ये. मोठा राहू दे तिथंच.

(खारू सिलिंडर घेऊन येते. तिच्यामागून बाबा येतो, त्याच्या हातात कापडी पट्टा.)

बाबा : टोपलीत? सिलिंडर कपड्यांच्या टोपलीत? या घरात काय चाललंय, अप्पा?

आजोबा : सांगतो. आधी तू गाडीत बस.

बाबा : बसतो, पण आधीच सांगून ठेवतो, तळाला भोक पाडायचं नाही. सहा महिने घासून रंग दिलाय मी. सीटच्या मागं कापडी पट्ट्यानं बांधू. मी मापही घेतलंय, हात बरोबर पोचतो. आणि हा छोटा कशाला? मोठा घ्या, आग लागली तर पुरून उरेल.

आजोबा : मोठा शाळेच्या जिन्यात शोभतो. त्यात पावडर आहे. एवढ्याशा गाडीत उडवलीस तर पिठाच्या गिरणीत कोंडल्यासारखं होईल. शिवाय ती पावडर तुझ्या लाडक्या इंजिनात जाऊन गंज धरेल तो वेगळाच. छोट्यात वायू आहे. अर्थात तोही आत हुंगत बसायचा नाही, दार उघडून बाहेर पडायचं.

बाबा : आणि वजन? गाडी हलकी व्हावी म्हणून मी रेडिओ काढला, गालिचा काढला...

आजोबा : पोट काढायचं राहिलं.

खारू : आजोबा!

आजोबा : बरं, बरं. बस रे आत. पट्टा लाव. डोळे मीट. धूर झालाय, काही दिसत नाही. सीटच्या मागचा सिलिंडर काढ बघू.

बाबा : हा काय, असा हात मागं टाकला की... थांबा. असा वळलो की... काल तर पोचला होता!

खारू : काल तू पट्टा लावला होतास?

बाबा : नाही. पट्टा लावून माप कोण घेतं?

खारू : ज्याला पट्टा लावून गाडी चालवायची असते तो.

आजोबा : शिवाय कापडी पट्टा सुटला आणि तू करकचून ब्रेक दाबलास, तर तो सिलिंडर तोफेच्या गोळ्यासारखा हिच्या डोक्याशी येईल. नाहीतर घरंगळत तुझ्या ब्रेकखाली. लोखंडी पकड हवी. सीटच्या पुढं, दोघांच्या मधे, तळाला बोल्टनं आवळलेली.

बाबा : म्हणजे भोक.

आजोबा : चार भोकं. पण हात मात्र जपून चालव, खाली पेट्रोलची नळी कुठून जाते ते आधी बघ.

बाबा : काळजात पाडल्यासारखं वाटतंय, अप्पा. पण पाडू. हिला धीर येत असेल तर आठ पाडू.

खारू : बाबा, मी लपवले होते दोन्ही.

बाबा : तू? का गं?

खारू : तू परत जाशील म्हणून. त्या दिवशी गेलास तसा. मी तिथून तुला हाका मारत होते आणि तू वळून बघितलंसुद्धा नाहीस.

बाबा : तुला भिंतीपाशी उभं केलं होतं ना मी? तू सुरक्षित होतीस. मला वाटलं...

खारू : मी होते. तू नव्हतास.

बाबा : मला वाटलं तू गाडीला घाबरलीस. म्हणून विकायला काढली. तू माझ्यासाठी... हे मला सुचलंच नाही गं.

खारू : विकू नकोस. मला आवडते ती. फक्त परत जाऊ नकोस.

बाबा : नाही जाणार. शब्द देतो.

आजोबा : शब्द नको, सराव कर. मैदानावर आम्ही शर्यतीच्या आधी खोटी आग लावायचो. म्हणजे काडी नाही ओढायची, नुसतं ओरडायचं. आकडे मोजायला खारूताई तिकडं भिंतीपाशी, तू बाहेर पडून तिच्याकडं यायचं. सिलिंडर मधे धरतो मी. तयार? आग!

बाबा : इंजिन बंद. पट्टा सोडला. सिलिंडर, हा लागला हाताला. दार...

खारू : एक, दोन, तीन, चार...

बाबा : पाय बाहेर. बापरे, ही गाडी फारच खाली आहे.

खारू : ...आठ, नऊ, दहा. बाबा! तू मागं का गेलास?

बाबा : मी? कुठं गेलो?

आजोबा : हात बघ स्वतःचा. कुठं आहे?

बाबा : झाकणावर. आपोआप गेला, खरंच. मी ठरवलं नव्हतं.

खारू : पुन्हा.

बाबा : पुन्हा.

आजोबा : आग!

खारू : एक, दोन, तीन... सिलिंडर सोडून दे, बाबा! टाक! ...नऊ, दहा. या वेळी नुसतं वळून बघितलंस. पुन्हा.

बाबा : घाम आला मला. अप्पा, ही मैदानावर तुमच्यापेक्षा कडक निघाली असती.

आजोबा : माझीच नात आहे. आग!

खारू : ...सहा, सात. आलास! सातातच आलास!

बाबा : आलो. आता इथं येऊन काय करायचं? गाडी जळताना बघत उभं राहायचं?

खारू : हो. थांब, खडू आणते.

आजोबा : खडू कशाला गं?

खारू : बाबाचे पाय काढायला. बाबा, एक पाय इथं ठेव, माझ्या पायाशेजारी. बूट राहू दे. आग लागल्यावर बूट कोण काढत बसतं?

बाबा : अगं पण खरी आग लागेल ती रस्त्यात. तिथं ही खूण कशी असेल?

खारू : मी असेन ना. जिथं मी, त्याच्या शेजारी तू.

बाबा : मग उद्या येशील माझ्याबरोबर? एकच चक्कर?

खारू : हलू नकोस, बाबा. दुसरा पाय राहिलाय.